गुरुवारच्या गाडीतली पुढची सीट

सर: ...आणि म्हणूनच आज मी छातीठोकपणे सांगतो, की या पट्ट्यातल्या एकाही व्यथित मनाला यापुढे कुणाचं दार ठोठावत उभं राहावं लागणार नाही. कसा वाटतो शेवट, ताई?

ताई: चांगला आहे. सर, सेंटरच्या गाडीत एक जागा हवी होती.

सर: आजच्या गाडीत? यादी काल बंद झाली. 'व्यथित' बरं वाटतं, की 'दुखावलेलं'? देणगीदार संस्थेच्या बाई येतायत बारा वाजता आपल्या मानसिक आरोग्य सेंटरवर. त्यांना 'व्यथित' कळेल ना?

ताई: माझ्या दादासाठी हवी होती. फाटकापाशी उभा आहे तो.

सर: तुमचा भाऊ आजारी आहे? कधी बोलला नाहीत.

ताई: दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, फॉर्म भरा.

सर: मग भरायचा.

ताई: आज सकाळी भरला. शून्य आला.

सर: शून्य म्हणजे बरं आहे की मग! अभिनंदन.

ताई: सर, दोन वर्षं तो घराच्या मागच्या खोलीत आहे. दाढी करत नाही, कुणाशी बोलत नाही. ताट आत सरकवायचं, रिकामं झालं तर बाहेर घ्यायचं, नाही झालं तरी बाहेर घ्यायचं. आज मी निघताना उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, 'येऊ?' एवढंच. मी हो म्हणायच्या आत त्याने चपला घातल्या.

मामा: येऊ का सर आत? गाडी लावलीय. पावणेअकरा झाले, अकराला सोडायची. आजींची व्हीलचेअर चढवून पट्टे आवळलेत. आणि ताई, तुमचे बंधू फाटकापासून नळापर्यंत गेलेत.

ताई: आतल्या नळापर्यंत की बाहेरच्या?

मामा: बाहेरच्या.

ताई: सर, लवकर काहीतरी सांगा.

सर: हे पाहा, फॉर्म म्हणजे शास्त्र आहे. नऊ प्रश्न, सत्तावीस गुण. दहाच्या वर गेलात तर गाडी, डॉक्टर, औषध. दहाच्या खाली असाल तर माहितीपत्रक. एखादा-दुसरा गुण कमी असता तर मी डोळेझाक केली असती. पण शून्य? शून्य तर माझाही नाही.

मामा: माझा चार आहे.

सर: तुम्हाला कुणी विचारलं?

मामा: ताईंनीच विचारलं होतं. ट्रेनिंगच्या वेळी.

ताई: तिथेच तर घोडं पेंड खातंय, सर. ट्रेनिंग झालं तेव्हा मला ते नऊ प्रश्न पाठ व्हायला हवे होते. कागदात न बघता विचारायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, असं तुम्हीच सांगितलंत. घरी कोण होतं? दादा. भाकऱ्या थापता थापता मी मोठ्याने प्रश्न म्हणायची आणि कुठल्या उत्तराला किती गुण तेही म्हणायची. तो दाराआड पडून ऐकायचा. सात महिने. आता 'झोप कशी लागते' विचारलं की म्हणतो, 'छान.' 'कशात मन लागत नाही असं होतं का' म्हटलं की म्हणतो, 'अजिबात नाही.' पहाटे तीनला त्याच्या फेऱ्या मी मोजते, आणि फॉर्मवर तो गावातला सगळ्यात सुखी माणूस आहे.

सर: हात दाखवून अवलक्षण.

ताई: हो. माझंच.

सर: मग पुन्हा भरा. तुम्हाला खरं माहीत आहे ना? तुम्हीच खुणा करा.

ताई: टॅबलेटवर फॉर्मच उघडत नाही. एकदा फॉर्म पाठवला की त्या माणसाचा दुसरा फॉर्म तीन महिने भरता येत नाही.

सर: हा मूर्खपणा कुणाच्या डोक्यातून निघाला?

मामा: तुमच्या, सर. लोक रोजच फॉर्म भरायला यायला लागले होते म्हणून.

सर: ...बरं. आज आहे कोण कोण गाडीत? एखाद्याला पुढच्या गुरुवारी नेऊ.

मामा: मागे सहा जण आणि आजी. दाढ काढायची आहे ते काका. शिलाई मशीनचा पट्टा आणायचाय त्या बाई. जावयाला भेटायला जाणारे दोघं नवरा-बायको. चष्म्याची काच बदलणारे एक. आणि एकाला नुसतंच जायचंय, तो कारण सांगत नाही.

सर: मी आजार विचारतोय, मामा. कामं नाही.

मामा: आजार त्यांनी मला कधी सांगितला नाही.

सर: पण हे सगळे दहाच्या वर आहेत!

मामा: अठराच्या वर. दाढवाले तेवीस.

सर: आणि मग डॉक्टरांकडे कधी जातात हे?

मामा: ते मला माहीत नाही. मी गाडी सावलीत लावतो.

सर: आजी तरी व्यायामाला जातात ना? की त्यांनाही जावई आहे?

मामा: आजी खऱ्या. पण व्यायामवाले येतात मंगळवारी, आणि चाकाची खुर्ची चढवता येते अशी गाडी आपली गुरुवारी असते. आजी म्हणतात, असू दे, रस्ता तर दिसतो.

सर: ताई, हे काय चाललंय? अठरा? तेवीस?

ताई: सांगते. महामारी ओसरली आणि आपण घरोघर जायला लागलो, तेव्हा पहिले तीन महिने सगळे शून्य, एक, दोन. ज्या घरातली दोन-दोन माणसं गेली होती तेही म्हणायचे, चाललंय. तुम्ही मीटिंगमध्ये मला उभं केलंत. आठवतं? म्हणालात, तुमच्या वाट्यालाच सगळी सुखी गावं आली का?

सर: मी तसं गमतीने...

ताई: सगळे हसले होते, म्हणजे गमतीनेच असणार. मग मी लोकांना प्रश्न नीट समजावून सांगायला लागले. म्हणजे झोप नाही लागत असं म्हटलं तर काय होतं, गाडी कशी दाराशी येते, तिकीट नाही, बाजार तिथून पाच मिनिटांवर. जरा जास्तच समजावलं गेलं.

सर: म्हणजे... अहवालातली ती रुग्णांची अडीचपट वाढ...

ताई: मीच आहे.

सर: हळू बोला हो! भिंतीवरच्या त्या आलेखाच्या तरी पुढ्यात बोलू नका. त्या अडीचपटीवर सात खोल्यांचं सेंटर उभं राहिलंय. संडासापर्यंत उतार बांधलाय, कठडे लावलेत. डॉक्टर नेमलाय.

ताई: चांगलंच झालं की. आता एक आजारी माणूस पाठवा.

सर: कुठे बसवू? दाढवाल्यांना उतरवू? बाई बारा वाजता येणार, त्यांना रांग बघायचीय. लाभार्थ्यांशी बोलणार आहेत. आणि उतरवलेला माणूस फाटकात उभा राहून काय काय बोलेल, याची कल्पना आहे तुम्हाला?

मामा: दाढवाले उतरणार नाहीत. गाल एवढा सुजलाय.

सर: बघा. तेव्हा शांतपणे विचार करा. एका आठवड्याने काही बिघडत नाही. पुढच्या गुरुवारी मी स्वतः...

ताई: पुढच्या गुरुवारी तो उंबऱ्यात येईल, हे लिहून देता?

सर: चिडू नका.

ताई: चिडत नाही. फक्त एक सांगा. इतके दिवस बऱ्या माणसांचे आजारी फॉर्म चालले. आज आजारी माणूस आला तर तुम्हाला नियम आठवला, तो कसा काय?

सर: ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं!

ताई: आत्ता आहे.

मामा: दहा मिनिटं राहिली. आणि बंधू नळापाशी नाहीत.

ताई: नाहीत म्हणजे? मामा, बाजूला व्हा, खिडकी... कुठे गेला? सर, मी जाते. एकदा वळला की संपलं.

सर: थांबा. तो निळ्या शर्टातला का? विजेच्या खांबाशी?

ताई: तोच. तोच तो.

सर: चपला हातात का घेतल्यात त्याने?

ताई: ...दोन वर्षांनी घातल्या ना. लागत असतील.

सर: मी पाहिलंय या माणसाला. आपल्याकडे कामाला होता का कधी?

ताई: सुतार आहे तो. शाळेत तात्पुरता दवाखाना केला होतात, तेव्हाच्या चाळीस खाटा त्याने आणि त्याच्या जोडीदाराने केल्या. अकरा दिवसांत. वर्गातली बाकं तोडून. तेराव्या खाटेवर जोडीदार गेला. नंबर दादानेच टाकले होते खाटांवर, म्हणून त्याला माहीत. त्या दिवसापासून करवतीला हात लावला नाही.

सर: तेराव्या...

ताई: तुमच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आहेत त्या. ओळीने मांडलेल्या. फोटो छान आलाय.

सर: तो फोटो मी काढलाय.

ताई: माहीत आहे.

मामा: सर, गाडी चालू करून ठेवू का? थंड इंजिन कुरकुरतं.

सर: पुढे कोण बसतं, मामा? तुमच्या शेजारी?

मामा: आज तुम्ही. बाईंना हार घालायला.

सर: मला पुढे बसलं की मळमळतं.

मामा: लोकांना मागे बसलं की मळमळतं.

सर: माझं वेगळं आहे.

मामा: बरं.

ताई: सर...

सर: हे काही नियमात बसवलेलं नाही, कळलं ना? पुढची सीट कर्मचाऱ्यांची. तिला गुण लागत नाहीत. एवढंच.

मामा: लॉगबुकात लिहावं लागतं, पुढे कोण होतं आणि काय कामासाठी. काय लिहू?

सर: लिहा, सुतार. सेंटरचं मागचं दार घासतंय ना?

मामा: घासतंय. पण ते तर रंगामुळे...

ताई: तो हत्यार हातात घेणार नाही, सर. दार बघ म्हटलंत तर गाडीतून उडी मारेल.

सर: दार कोण बघायला सांगतंय? कागदावर घासू दे. तुम्ही पळा आधी. मामा, तुम्हीही जा. हा हार घ्या, तिथल्या नर्सकडे द्या, बाईंना ती घालेल. आणि गाडीत त्या माणसाशी उगाच गप्पा मारू नका.

मामा: मला येतच नाहीत मारायला. ताई, तुम्ही येणार कुठे? जागा नाही.

ताई: मी नाही येत. मी असले की तो माझ्याकडे बघून उत्तरं देतो.

(संध्याकाळचे साडेपाच. तेच ऑफिस. सरांनी चहा मागवलेला आहे, तो दोघांनीही घेतलेला नाही.)

सर: बसा हो जरा. सकाळपासून खिडकी ते दार, खिडकी ते दार. मलाच गरगरायला लागलंय.

ताई: दर गुरुवारी साडेचारला येते गाडी.

सर: येईल. बरं, तोवर हे ऐका. बाईंचा निरोप आलाय. मी दोन वाजल्यापासून राजीनाम्याचा मसुदा करत होतो, खरं सांगतो. आणि त्या लिहितात, 'केंद्रात शिरताच जाणवली ती शांतता. एकही रुग्ण ताटकळत बसलेला नाही. व्हरांड्यात व्हीलचेअरवर एक प्रसन्न आजी. प्रतीक्षेचा वेळ: शून्य मिनिटं. अनुकरणीय.' अनुकरणीय, ताई! आणखी चार केंद्रांचा प्रस्ताव पाठवा म्हणतायत. सुंठीवाचून खोकला गेला.

ताई: दादाचं काही लिहिलंय?

सर: त्यांना काय माहीत तो कोण? हो, हे आहे बघा. 'सुताराचीही आस्थेने चौकशी होते.' हे काय असेल?

ताई: आली. आली गाडी. मामा! इतका उशीर?

मामा: दाढवाल्यांचं रक्त थांबेना. बसून राहावं लागलं सगळ्यांना.

ताई: दादा कुठे आहे? गाडीत नाही तो.

मामा: वळणावर उतरले. चालत जातो म्हणाले.

ताई: म्हणाला? तोंडाने?

मामा: तोंडानेच. जाताना काही नाही बोलले. काचेला डोकं टेकून बसले होते. एकदा मी ब्रेक मारला तेव्हा डोकं आपटलं, तर म्हणाले, 'असू दे.'

सर: आणि डॉक्टरांकडे गेला का तो? की तोही बाजारात?

मामा: गाडी थांबल्यावर पंधरा मिनिटं उतरलेच नाहीत. मी सावलीत लावली. मग दार घासल्याचा आवाज आला. बघतो तर आत गेलेले. नर्स म्हणाली, सुतार आलाय म्हणून डॉक्टर स्वतःच बाहेर आले होते दार दाखवायला.

ताई: देवा. मग?

मामा: मग दार बंद झालं. दीड तास बंद होतं. त्या बाई आल्या, आत कोण म्हणून विचारलं, नर्स म्हणाली सुतार, मग तिने हार घातला, फोटो काढले, बाई गेल्या, तरी बंदच.

ताई: आवाज येत होता आतून?

मामा: रडण्याचा येत होता थोडा. कुणाचा ते नाही कळलं. बाहेर आले तेव्हा हातात गोळ्यांची पुडी होती, आणि पुढच्या गुरुवारची चिठ्ठी.

सर: दीड तास? माणशी सात मिनिटं असा आपला नियम आहे. डॉक्टरांनी एवढा वेळ आणला कुठून?

मामा: दुसरं कोणी आलंच नव्हतं, सर.