मोटारीमागचं घर

अणशी घाटात मोटार कशी चालवावी, हे बेळगावच्या एका ड्रायव्हरला मी शिकवलं. हसू नका, ऐका.

त्याच्या साहेबाने मोटारीला दोन चाकांचं लाकडी घर जोडून आणलं होतं. ते एवढं डुलत होतं की घाटाच्या तोंडाशीच साहेब परत फिरायला निघाला. मी माझी बैलगाडी थांबवली आणि त्या घरात डोकावून पाहिलं.

"पेट्या मागं भरल्यात. पुढं सरकवा."

ड्रायव्हर हसला. "मामा, ही बैलगाडी न्हाई."

"चाकं दोनच हाईत न्हवं? आता डुललं तर उद्यापासनं मी गाडी हाकणार न्हाई."

साहेबाने पेट्या हलवायला लावल्या. घर सरळ चालू लागलं. पण पहिल्याच वळणावर घराचा मागचा दिवा विझला. मोटारीतून त्याला वीज नेणारी तार ताठ बांधली होती, ती तुटली.

ड्रायव्हर ओरडला, "बघा, तुमच्या पेट्यांनी केलं!"

मी तार जोडायला लावली आणि ढिली सोडायला सांगितली. "वळणावर कासरा ताठ धरत न्हाईत, बाबा."

दिवा लागला. साहेब ड्रायव्हरला म्हणाला, "ह्यांच्या मागून चल."

सबंध घाट ती मोटार माझ्या बैलांच्या मागून उतरली.