शेवटच्या डब्याचा ब्रेक

यवतमाळची छोटी गाडी कधीकधी का रखडायची, ऐका. परतीसाठी इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलं, की शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक लागतो का, हे माझे बाबा तपासत. त्याशिवाय गाडी सुटत नसे. मी पहिल्यांदाच अमरावतीला कॉलेजला निघाले होते आणि बाबांची तपासणी संपेचना.

मी खिडकीतून ओरडले, "बाबा, कायले उशीर करून राह्यले? मूर्तिजापूरले माही पुढची गाडी चुकन!"

"थांब वं, पाहू दे," बाबा चाकाशी वाकूनच म्हणाले.

गार्ड रहीमचाचा खिडकीपाशी येऊन हळूच बोलले, "बेटी, ब्रेक कवाचाच ठीक आहे. तुह्या बापाले गाडी सोडवत नाही."

बाबा वर बघतच नव्हते.

मी म्हटलं, "चाचा, झेंडी नका दाखवू. शेवटच्या डब्याचा मलेही भरवसा नाही."