डास निदान गुनगुनतो तरी!

...आरं पन चावायचं तर सांगून चावा की! न्हाई, माझं डासाशी भांडनच न्हाई. तुमाला सांगतो, डासाचं एक बरं असतंय, चावायच्या आधी गुनगुनतो तरी! कानाशी येतो, वर्दी देतो, 'आलो बरं का आसाराम', आन् मग चावतो. मानूस देतो का वर्दी? आपला मानूस? घरचा मानूस? जिच्या संगं बारा वर्सं संसार केला ती... जाऊ द्या. आधी धोंड्याचं सांगतो.

अधिक महिना तीन वर्सातनं एकदा येतो. एकदा! तवा जावयाला सासुरवाडीला बोलवत्यात, पाय धुत्यात, पाटावर बसवत्यात, कपाळाला कुंकू लावत्यात, पुरनाचं धोंडं खाऊ घालत्यात. मधली वर्सं जावयाला कोन इचारतंय? आन् मी थोरला जावई! सासऱ्याच्या दोन पोरी, थोरली पंकजा माझी, धाकटी सुनीलरावाची. सुनीलराव म्हंजे माझा साडू, श्रीगोंद्याकडं साखर कारखान्यात हाय, शर्ट पँटीत खोचून हिंडतो. मग मला सांगा, पहिला पाट कोनाचा? माझा. पहिलं कुंकू कोनाला? मला. मागल्या धोंड्याला कोनाला लावलं? सुनीलरावाला! का? तर थोरला जावई वळखूच आला न्हाई!

त्याचं काय झालं, आमी मिरजगावकडचं, आन् सासुरवाडी भीमेच्या पल्याड. मधी धरनाचं पानी. पुलावरनं जायचं तर ह्यो एवढा येढा, म्हनून मोटारसायकल अल्याड लावायची आन् भिमाजीच्या होडीत बसायचं. अर्ध्या तासात पल्याड. पन उन्हाळ्याचं पानी मागं सरतंय, काठाचा चिखल उघडा पडतो, आन् सांजच्याला त्यातनं जी चिलटं उठत्यात... लांबनं वाटावं कुनी उसाचं पाचट पेटवलंय! संगतीला डास. मागल्या टायमाला माझा एक डोळा बंद, वठ हे एवढं, कान भज्यावानी. सासूबाई, म्हंजे झुंबरबाई, ताट घेऊन आल्या, माझ्याकडं बघितलं आन् 'बाई बाई, ह्या आजारी मानसाला खाट तरी द्या कुनी' म्हनून पुढं गेल्या! सुनीलरावाला ओवाळलं, फोटो काढला. तीन वर्सं झाली, घरच्या ग्रुपवर तोच फोटो हाय. मधी सुनीलराव हसतोय आन् कडंला मी... कोहाळा.

म्हनून औंदा ठरवलं, आसाराम, तोंड ऱ्हायलं तर मान ऱ्हाईल. गाव पालथं घातलं, इचारलं, डास चावू नये म्हनून काय करावं? एकजन म्हनला लसूण खा. खाल्ला. चार दिवस कुनी जवळ बसंना, डास सोडून. मग म्हनलं, ज्याच्या तोंडाला मागं एक गांध न्हवती त्यालाच का इचारू नये? गिळला अपमान, लावला सुनीलरावाला फोन. तर काय गोड बोलला म्हनता! 'हे बघा साडूभाऊ, अगदी सोपं आहे. फिक्या रंगाचे, सैल, लांब बाह्यांचे कपडे घाला. अत्तर लावू नका. कडुलिंबाचं तेल खोबरेलात मिसळून अंगाला लावा. आणि दिवस मावळायच्या आत होडीतून उतरा. बास!' माझ्या डोळ्यात पानी आलं वो. म्हनलं, साडू असावा तर असा.

आता कडुलिंबाचं तेल म्हनल्यावर शेतकऱ्याच्या घरात काय असतंय? निंबोळी अर्क! वांग्यावर फवारायचा, पाच लिटरचा कॅन. तेल काय आन् अर्क काय, लिंब तर तोच! पन घामानं धुऊन गेला तर? मग फवारा पानावर टिकावा म्हनून आपन काय टाकतो? स्टिकर! चिकटतंय गड्या पानाला, पाऊस आला तरी हालत न्हाई. टाकली दोन टोपनं. चोळलं. तोंडाला, मानंला, हाताला, पायाला, दोन-दोन हात दिलं. आन् फिका रंग म्हनल्यावर पंकजानं ट्रंकंतनं काढला शर्ट. पिवळा. म्या म्हनलं, अगं पांढरा दे की. 'पांढऱ्याला डाग पडत्यात. ह्योच घाला, उठून दिसाल.'

उठून दिसाल म्हनली. शब्द ध्यानात ठिवा.

भिमाजीला चारचं सांगितलं हुतं. 'आलोच पाव्हनं, जाळी तेवढी उचलतो आन् आलोच!' आला सहाला. झाली का सांज? तरी म्हनलं असू दे, आपली तयारी हाय. होडीत पाय ठिवतो न ठिवतो तवर पंकजा पदर खोचून पार पुढच्या टोकाला. म्या म्हनलं, मी बी येतो पुढं. तर म्हनली, 'अवो नका, तुमी मागं मशिनीपशी बसा, वजन मागं पायजे.' बसलो. मला काय म्हाईत होडीचं, मी कोरडवाहू मानूस!

आन् आलं की डास! गुनगुनलं... वास घेतला... आन् गेलं! तुमाला खोटं वाटंल, माघारी गेलं! दुसरं आलं, त्ये बी गेलं. एक बी चावंना! मनात म्हनलं, झुंबरबाई, काढा कुंकवाचा करंडा, थोरला निघालाय! तेवढ्यात आली चिलटं. एक बसलं हातावर. उठंना. दुसरं बसलं. त्ये बी उठंना. कपाळावर, नाकावर, भुवईवर, कानाच्या पाळीवर... येतंय ते बसतंय, बसतंय ते ऱ्हातंय! भिमाजी मशीन सोडून माझ्याकडंच बघतोय, बघतोय, आन् मग म्हनतो कसा, 'पाव्हनं, माझ्या वांग्यात असाच एक टांगलाय की!'

आन् माझ्या डोक्यात उजेड पडला. चिकट सापळा! पिवळा पत्रा घ्यायचा, त्याला चिकट फासायचं, पिकात टांगायचा, किडा पिवळ्याला भुलतो आन् येऊन चिकटतो. आरं मी स्वतः लावतो, दर साली, ह्या माझ्या हातानं, एकरी दहा! आन् अकरावा होडीत बसून सासुरवाडीला चालला हुता!

पल्याड उतरलो. दारात सासूबाईंनी पायावर पानी घातलं, चोळलं, तर फेस! स्टिकरचा, पानी लागलं की फेसतंय त्ये! पायरीवरनं अंगनापतुर फेस. सुनीलराव आतनं म्हनतो, 'साडूभाऊ, साबण लावूनच आलात काय?' मग कुंकू आलं. सासूबाईंनी बोट भरलं, माझ्या तोंडाम्होरं आनलं... आन् बोट तसंच. 'पंकजे, ह्यांचं कपाळ कुठशी हाय गं?' जागाच न्हाई वो! समदं काळं! बोटाचं कुंकू सुकाय लागलं म्हनून गेलं कुठं? सुनीलरावाला! परत! आन् मला? 'जावईबापू, तुमी उंबऱ्यातच बसा, म्हंजे आत चिलटं येनार न्हाईत.' खाल्लं धोंडं उंबऱ्यात बसून. पन तोंड सुजलं न्हवतं बरं का. एक गांध न्हवती. सांगू कुनाला?

मग न ऱ्हावून सुनीलरावाला इचारलं, तुमच्या अंगाला तर कसला वास बी न्हाई, तुमी लावता तरी काय? तर जिलबी खात म्हनतो, 'मी? मी कुठं होडीनं येतो? मी गाडीनं येतो ना, पुलावरून. उपाय मोबाईलवर वाचून सांगितले तुम्हाला. इतक्या प्रेमानं फोन केलात, नाही कसं म्हणणार?' पुलावरनं! मागल्या टायमाला बी पुलावरनं! तीन वर्सं मी त्याच्या कातडीला मानत हुतो वो!

तरी सुनीलरावाचं सोडा, साडू तो साडूच. मी पंकजाकडं बघितलं. तुला ठाऊक हुतं? 'व्हय, रोज बोलतो की आमी भैनी.' मग सांगितलं का न्हाईस? आपन बी रस्त्यानं आलो असतो! तर थंड बोलली, 'रस्त्यानं तुमच्या अक्काचं गाव लागतंय. पहिल्या धोंड्याला रस्त्यानं आल्तो न्हवं? च्याला म्हनून टेकलात आन् मुक्काम केलात. माझी आई पुरन घालून दारात बसली हुती.' आन् मला मागं का बसवलंस गं? 'पुढं वारं असतंय, वाऱ्यात डास-चिलट टिकत न्हाई. ल्हानपनापास्नं ठाऊक हाय.' मग मला का न्हाई पुढं बसवलंस? 'पुढं जागा एकाचीच असती.'

लई वाईट वाटलं. बारा वर्सं! एक डाव तरी कानाशी येऊन गुनगुनायचं हुतंस!

परवा सासूबाईंचा फोन आला. मला वाटलं, लागली चुटपुट, बोलवून कुंकू लावनार. तर म्हनत्यात, 'थोरलं जावई मोकळं हाईत का? वांग्यावर पांढरी माशी लई झालीया.' एवढ्यात कानाशी गुनगुन ऐकू आली. दचकून गालावर चापट मारली, तर डास न्हवता. आत पंकजा हुती. पिवळ्या शर्टाला इस्त्री करीत हुती.

चला... या टायमाला गुनगुनली तरी!