हाडं जपणाऱ्यांची सून

लिहून घ्या, माझं नाव सुधा. माहेर रत्नागिरीकडचं, वडील शाळेत संस्कृत शिकवायचे, घरात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त, तेव्हा मी ग्रंथपाल झाले यात नवल काही नाही. शिष्यवृत्तीवर होनोलुलूला शिकायला आले आणि तिथं केओनी भेटला. तो हवाईचा. हवाईत राहणारा अशा अर्थानं नव्हे, तिथला मूळचा, ज्यांचे पूर्वज दुहेरी होड्या घेऊन दक्षिणेकडून एवढा मोठा समुद्र ओलांडून आले त्यांच्यातला. नकाशा नाही, होकायंत्र नाही, तारा कुठून उगवतो, लाट होडीच्या कुठल्या अंगाला लागते, संध्याकाळी पक्षी कुठं परततात, एवढ्यावर आले.

आपली मंडळी न्यू जर्सीहून फिरायला येतात ना, ती मला विचारायची, काकू, हे लोक आधी काय करायचे हो, नुसते नाचायचे का? काय सांगू तुम्हाला, मला इतका राग यायचा, पण मी पडले शांत, मी कागद घ्यायचे आणि चित्र काढून दाखवायचे. हा डोंगरमाथा, हा समुद्र, आणि माथ्यापासून समुद्रापर्यंत जमिनीची अशी एकेक पट्टी एकेका वस्तीची, म्हणजे वरचं लाकूड, मधली शेती, खालची मासळी, सगळं एका गावाच्या हाताशी. पाटाचं पाणी एकाच्या खाचरातून दुसऱ्याच्या खाचरात जायचं आणि उरलेलं परत ओढ्याला मिळायचं. ठरावीक दिवसांत ठरावीक मासा धरायची बंदी, आणि ती मोडली तर जीवही जायचा. आणि हे सगळं लिपी नसताना, वंशावळ्यासुद्धा तोंडपाठ. वडिलांना मी हे सगळं लिहून कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, पाठांतराची माणसं आहेत, म्हणजे आपल्यातलीच. झाली लग्नाला संमती. दादा मात्र, माझा थोरला भाऊ, तेव्हाच अमेरिकेत इंजिनियर होता, तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

सासूबाईंना सगळे तूतू म्हणत, तूतू म्हणजे आजी. हिलोच्या वरच्या अंगाला एका दरीत त्यांची अळूची खाचरं. हो, अळूच, आपलं तेच. फरक इतकाच, की आपण पानं खातो आणि ते मुख्यतः कंद खातात, शिजवून, दगडानं कुटून, पाणी घालून मऊ करतात, त्याला पोई म्हणतात, आणि लाकडी कटोऱ्यातून बोटांनी खातात. पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं पानं चिरली, चिंच-गूळ घालून आपलं फतफतं केलं. तूतूंनी ते चाखलं आणि हसत सुटल्या. मग म्हणाल्या, तुला ठाऊक नाही ना हा कोण? आकाशपित्याला पहिला मुलगा झाला तो मेलेलाच जन्मला, त्याला घराशेजारी पुरलं, तिथून अळू उगवलं. दुसरा मुलगा झाला तो माणूस, त्याचे आम्ही वंशज. तेव्हा अळू आमचा थोरला भाऊ, तो आम्हाला खाऊ घालतो आणि आम्ही त्याची राखण करायची. मी म्हटलं, अगं बाई, म्हणजे मी थोरल्या दिरांना चिरून वर फोडणी दिली की! केओनीनं ते त्यांना समजावून सांगितलं तेव्हा म्हातारी हसता हसता ओट्यावर बसली, म्हणाली, बरं केलंस, दीर फार खाजरे आहेत, चिंचेनं वठणीवर येतील.

असं चाललं होतं आमचं. तीन वर्षांपूर्वी केओनी गेला. खाचरात उभा होता, खाली बसला, हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. आमची लेक लेहुआ होनोलुलूहून आली, न्यू जर्सीहून दादा आला.

दादानं आल्या आल्या विचारलं, सुधे, अग्नी कधी द्यायचा? इथल्या कायद्यानं निर्णय बायकोचा, तू सही कर, अस्थी मी नाशिकला नेतो. आणि खरं सांगू, मलाही तेच हवं होतं. मी चितेला अग्नी देणाऱ्यांत वाढलेली बाई, आमच्यात जाळलं की माणूस सुटला. त्याला ओल्या मातीत एकटं ठेवायचं हे मला पटेना. पण त्यांच्यात हाड म्हणजे माणसाचं सत्त्व. शत्रूच्या हाती लागलं तर तो त्याचे मासे धरायचे गळ करील, म्हणून पूर्वी अस्थी गुपचूप लपवून ठेवायचे, जागा फक्त घरच्यांना ठाऊक. आणि हाडं जाळणं ही विटंबना, अपराध्याची शिक्षा. तूतू अळूचे कंद कुटत बसल्या होत्या, त्यांचा पोटचा पोर आता माझ्या सहीवर.

जेवायला बसलो. दादाला राहवेना, म्हणाला, काय यार सुधे, थर्टी इयर्स इथं राहून तू आपला धर्म पण कॅन्सल केलास का? लेहुआ भडकली, मामा, दिस इज नॉट युवर डिसिजन! तेवढ्यात तूतूंनी पोईच्या कटोऱ्यावरचं झाकण काढलं. लेहुआ अर्ध्या वाक्यात गप्प. दादा बघतच राहिला, हिला काय झालं? मी त्याला हळूच सांगितलं, दादा, पोई उघडी असली की भांडायचं नसतं, अळू म्हणजे यांचा थोरला भाऊ, तो पानावर बसलेला असतो. दादाचं तोंड उघडं होतं ते त्यानं मिटलं. थोरल्या भावाचा मान त्याला कोणी शिकवायला नको होता.

मग लेहुआ म्हणाली, तूतू, डॅडींची वंशावळ म्हणा. तूतूंनी डोळे मिटले. पहिल्यांदा अळू, मग माणूस, मग पिढ्यांमागून पिढ्या, राजे, नावाडी, बाया, श्वास मोडायचा नाही, नाव चुकायचं नाही. शाळेत बंदी असलेली ही हवाईची भाषा बोलली म्हणून लहानपणी त्यांनी मार खाल्लेला, पण त्या म्हणतात तेव्हा कुठल्याही वैदिकानं खाली बसून ऐकावं. शेवटी केओनी आला. मला वाटलं, संपलं. पण त्या थांबल्या नाहीत. केओनीच्या शेजारी माझं नाव, सुधा, माझ्या वडिलांचं नाव, मग लेहुआ. समुद्रापलीकडच्या रत्नागिरीच्या मास्तरांना त्यांनी तारे बघत आलेल्या नावाड्यांच्या रांगेत बसवलं होतं, आणि कधीपासून म्हणत होत्या कोण जाणे.

मी दादाला म्हटलं, पुरायचं. त्यानं विचारलं, खांदा तरी देऊ देतील ना? दिला त्यानं. दरीतली चिखलाची वाट, साठीचा माणूस, बूट काढून अनवाणी चालला. तीळ घालून पाणी सोडलं त्यानं, मोठ्यानं मंत्र म्हटला, आणि तूतूंनी त्या मंत्राला मान लववली.

तूतू गेल्या वर्षी गेल्या. लेहुआ आता बालवाडीतल्या पोरांना तीच भाषा शिकवते, आणि वंशावळ म्हणते तेव्हा माझ्या वडिलांचं नाव न अडखळता घेते. मी पण पाठ केली आहे, माझे उच्चार ऐकून पोरं हसतात, हसू देत. बघा ना, केवढ्या घराची सून आहे मी.

लोक विचारतात, केओनी कुठं आहे, फुलं वाहू. तुम्हीही विचारणार होतात, मला दिसतंय. तिथं दगड नाही, खूण नाही. जागा घरच्यांनाच ठाऊक, मला, लेहुआला आणि दादाला. ती मी तुम्हाला सांगणार नाही, राग मानू नका. इथंवर लिहिलंत तेवढं पुरे. तुमच्या घरच्यांची नावं तुम्हाला पाठ राहोत.