बेडूक गप्प झाले नाहीत

ऐका. नुसतं माझं नको, बाहेरचंही ऐका. ओरडताहेत ना बेडूक? मघाशी शांताराम पान थुंकायला खाचराकडे गेला तेव्हा कसे चिडीचूप झाले होते, आणि तो आत आला तसे पुन्हा सुरू. अंधारात त्यांना माणूस दिसावा लागत नाही. पावलाची थरथर जमिनीतून कळते. एवढं ध्यानात ठेवा, आणि मध्येमध्ये विचारू नका. गोष्ट तोडलेली मला खपत नाही.

तर आपला गुणाजी. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. बायकोही लवकर गेली. उरली एक लेक, येसू, सोळा वर्षांची. खाचरांच्या पलीकडे त्याचं घर, शेजारी म्हातारी जानकाकी, आणि तिसरं कोणी नाही. तिथून आपल्या वाडीला यायला ती बांधाची वाट. होय, तीच!

गुणाजी त्या वाटेने रात्रीसुद्धा यायचा. कंदील कशाला हवा त्याला? तो बेडकांवर चालायचा. तळ्यातले मोठे पिवळे बेडूक डराव डराव करतात, ते उजव्या कानाला ठेवायचे. डावीकडे जुनी विहीर, कठडा नसलेली. तिच्यावर झाड वाकलंय, त्यावर झाडबेडूक टक टक करतात. ते पाण्यात अंडी घालत नाहीत, बरं का. पाण्यावर आलेल्या फांदीला फेसाचा गोळा बांधतात, मग पिल्लं त्यातून टपाटप खाली पाण्यात पडतात. टकटक जवळ आली की गुणाजी उजवीकडे सरकायचा. आमच्यासारखे डोळसच तिथे धडपडायचे.

आषाढातली अवस. मध्यरात्री येसूने बापाला उठवलं. पोटात कळा येताहेत म्हणाली, आणि डोळे उघडत नाहीत म्हणाली. गुणाजीने तिच्या डोळ्यांवर बोटं ठेवली. पापण्या खाली पडलेल्या. उचलल्या, पुन्हा पडल्या. आंधळा माणूस, पण त्याला बोटांनी कळलं. मण्यार! मेली अंथरुणात शिरते, झोपेत चावते, आणि दुखत म्हणून नाही. माणसाला वाटतं, मुंगी चावली असेल. गुणाजी जानकाकीला तिच्या उशाशी बसवून निघाला. वाडीत तेव्हा जीप एकच, आणि ती चालवायचो मी. जीप वेळेवर मिळाली तर येसू, नाहीतर नाही. असा हिशेब होता.

निघाला. पाऊल टाकलं की पुढचे बेडूक गप्प, मागचे पुन्हा सुरू. रोजचंच. थोडं पुढे गेला आणि त्याच्या बाजूला, खाचराच्या चिखलात, चप चप पावलं वाजायला लागली. कोणीतरी मायेने विचारलं, एवढ्या रात्री कुठे, हात देऊ का? गुणाजी हात पुढे करणार, तेवढ्यात त्याने कान टवकारले. पावलं वाजताहेत, पण त्या बाजूचे बेडूक गप्प होत नाहीत! चिखलात एवढा धबाधब चालणारा माणूस, आणि बेडकाला त्याची खबर नाही? गुणाजीने हात मागे घेतला आणि चालत राहिला.

चकवा होता तो. तुम्हाआम्हाला तो वाट फिरवून दाखवतो. आंधळ्याला काय दाखवणार? त्याने आवाजच फिरवला. तळ्याची डराव डराव उजवीकडून उठली ती थेट डावीकडे गेली. गुणाजी उभाच राहिला. आता तळं कुठलं, विहीर कुठली? इकडे लेक मरतेय. मग त्याने जोरात पाय आपटला. जवळपासचं सगळं गप्प झालं, डावीकडची डराव मात्र तशीच चालू. खोटी! दम धरून तो थांबला. हळूहळू खरी डराव उजवीकडून आली, आणि तो निघाला.

आणि मग, ऐका, मागून हाक आली.

“बाबा, मला सोडून जाऊ नका. मला ऐकू येतंय सगळं.”

येसूचाच आवाज. रडवेला. गुणाजीला कळत होतं की एकही बेडूक थांबलेला नाही. कळत होतं हो! पण बापाचं काळीज कुठे ऐकतं? तो वळला. एक पाऊल, दोन पावलं. आवाज जवळच होता. तिसरं पाऊल उचललं आणि कपाळाला काहीतरी थंड, ओलं, चिकट लागलं.

फेस. झाडबेडकाचा गोळा. तो कुठे बांधतात ते सांगितलंय मी.

पाय तसाच हवेत. खाली विहीर. गुणाजीने पाऊल मागे घेतलं आणि म्हणाला, “येसू असशील तर पाय आपट.”

समोर धाडकन पाय आपटल्याचा आवाज आला. बेडूक ओरडतच होते.

मग त्याने पाठ फिरवली. आवाज वाडीपर्यंत मागे होता. बाबा, जाऊ नका. बाबा, जाऊ नका. माझं दार त्याने बडवलं तेव्हा तो ढसाढसा रडत होता. कपाळावर फेस तसाच होता. मी कंदील वर धरून पाहिला, त्यात बारीक पिल्लं वळवळत होती.

गाडीरस्त्याने जीप घातली, तालुक्याला नेलं पोरीला. इंजेक्शनं दिली. श्वास थांबला होता, नर्सबाई रबरी फुगा दाबून हवा भरत राहिल्या. चौथ्या दिवशी येसू बोलली. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो. ती म्हणाली, “बाबा, मी जागी होते हो. जीभ उचलत नव्हती. तुम्ही निघालात तेव्हा मनातल्या मनात ओरडत होते, मला सोडून जाऊ नका, मला ऐकू येतंय सगळं.”

शब्द तेच. गुणाजी भिंतीला टेकून खालीच बसला. मेल्या चकव्याला स्वतःचा आवाज नसतो. पोरीच्या घशात अडकलेला त्याने उचलून नेला होता.

येसू जगली, नांदली, तिची नातवंडं आहेत आता. पण त्यानंतर तिने घरात नुसतं “बा” म्हटलं तरी गुणाजी हातातलं टाकून “ओ” द्यायचा. मरेपर्यंत. विचारलं तर म्हणायचा, एकदा खरी हाक मारली होती तिने, आणि मी पाठ फिरवली.

तेव्हा त्या बांधाने जायचं नाही. लांब पडलं तरी गाडीरस्ता धरा. आणि बाहेरून आत्ता कोणी हाक मारली, अगदी घरच्याच माणसाने, तर लगेच उठू नका. आधी बेडूक थांबलेत का ते ऐका.