पेज ठेवलीया दारात

“‘हाय का गं कोण आत? पेज ठेवलीया दारात!’ अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत आई अशी दारोदार हाका मारायची, आकाराम.”

एकोणीसशे नव्वद साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या विमलाताईंची विणकामाची सुई थांबली. म्हातारी अंबूबाई धाकट्या भावाला सांगत होती.

“पर आक्का, काल टीव्हीवरच्या मालिकेत तर मंत्र्याचा आजा पेज वाटत हुता की!”

“निवडणूक आलीया. आता आजाबी पेज वाटणारच की.”

“मला रडू आलं बघ. त्यानंच वाचवलं म्हणायचं मला. फोटो लावणार हाय त्याचा घरात.”

“आपल्या गल्लीत कुत्रंबी फिरकलं न्हाय, बाबा.”

“मग मी तान्हा कसा जगलो?”

“एका दारातनं आईच्या हाकेला ओ आली न्हाय. आतली माणसं गेलती. नुसतं पोर रडत हुतं. आईनं त्याला पदराखाली घेतलं नि घरी आणलं.”

“कुणाचं गं पोर?”

अंबूबाईनं त्याचा हात हातात घेतला.

“तूच की रं ते. माझ्या मांडीवर ठिवून आई म्हणाली, ‘अंबे, ह्यो तुझा भाऊ. परका हाय म्हणून सांगू नको त्याला कधी.’ फोटो लावायचाच तर तिचा लाव, बाळा.”