ऑरीचा सत्कार

—आधी तो बाहुला टेबलावरून उचल. उचल म्हणते ना, डेनिस! माझ्या स्वयंपाकघरात नको ते. काय म्हणालास, पहिल्या हजार प्रेक्षकांना फुकट? वा! म्हणजे शनिवारी रात्री गावातल्या हजार घरांत माझा नवरा मुठी वळून उभा, आणि टिचकी मारली की त्याची मान डुगडुगतेय— शी! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? तुझ्या? नाही, तुझ्या नसेल, तू तिकिटं विकणारा माणूस. बस आता. कॉफी देते, पण तुला हवाय तो होकार मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

सत्कार म्हणे. त्याच्या नंबरची जर्सी मानाने छताला टांगणार, बँड वाजवणार, ऑरीला बर्फावर गालिचा टाकून मधोमध नेणार. त्याने हॉकी सोडली त्यानंतर क्लबमधून एक फोन नाही रे आला. एक! नाताळला शुभेच्छासुद्धा नाहीत. आता खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या तेव्हा ऑरी आठवला— हो की नाही? हो. मान खाली घालतोस म्हणजे हो.

आणि तुला ठाऊक तरी आहे का तो खेळायचा कसा? तुला मारामाऱ्या ठाऊक. सगळ्या गावाला मारामाऱ्याच ठाऊक. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या बापाच्या शेतातल्या तळ्यावर— गोठलेलं, वर भुरभुर बर्फ, आणि हा सगळ्या भावंडांना चकवत चाललेला, पक, ती रबरी चकती, कशी काठीला चिकटवल्यासारखी. त्याची म्हातारी आई खिडकीतून युक्रेनियनमध्ये ओरडत होती, जेवायला या म्हणून, आणि हा काही थांबेना. मीही थांबले मग तिथेच, पाय बधिर होईपर्यंत. ज्युनियरमध्ये त्या वर्षी सगळ्यांत जास्त गोल त्याचे. आमच्या ऑरीचे! विचार कुणालाही— पण विचारणार कुणाला, ती माणसंच उरली नाहीत.

मग तुमच्या क्लबने घेतला. मॅकाइव्हर कोच होता तेव्हा. त्याने हात बघितलेच नाहीत रे याचे, खांदे बघितले. म्हणाला, “ऑरेस्ट, गोल करणारी पोरं मला पैशाला पासरी मिळतात. असे खांदे मिळत नाहीत.” झालं. तेवढ्या एका वाक्यावर माणसाचं सगळं आयुष्य. पहिल्या मॅचला याला नुसता बाकावर बसवून ठेवला, आणि समोरच्यांचा एक धटिंगण आमच्या पोरांना आडवं करायला लागला तेव्हा पाठीत थाप मारून सोडला बर्फावर. हातमोजे फेकले, धरली कॉलर, आणि हाण. लोक उभे राहिले! ज्या माणसाच्या गोलला बसल्याबसल्या टाळ्या वाजवायचे, त्याच्या ठोशाला खुर्च्यांवर चढले. आणि मॅचआधी तो काय करायचा माहितीये? ओकायचा. दर वेळी. शेवटच्या सीझनपर्यंत. कपडे बदलायच्या खोलीतली पोरं नळ सोडून ठेवायची, आवाज येऊ नये म्हणून. हे नाही ना लिहिणार तुमच्या त्या चकचकीत पुस्तिकेत?

तो धटिंगण म्हणजे वेन्डल. हो, तोच, डावा डोळा अधू झालेला. बारा-तेरा वर्षं मारलं रे दोघांनी एकमेकांना. लोक त्यासाठीच यायचे, तुमच्याच माणसांनी पोस्टरं लावली होती. आणि मॅच झाली की दोघं एकाच बारमध्ये, एकाच टेबलाशी, बर्फाच्या पिशव्यांत हात खुपसून बसलेले. बोलायचे काय? ट्रॅक्टरबद्दल. बिअरचा ग्लास उचलता यायचा नाही दोघांना, मी धरायची तोंडाशी. आलटून पालटून.

एका नाताळानंतरच्या मॅचमध्ये वेन्डलशी मारामारीत हेल्मेट निघालं आणि ऑरी मागच्या मागे पडला— तो आवाज, डेनिस— भोपळा फरशीवर पडावा तसा. वेन्डलच आधी वाकला त्याच्यावर, ओरडत होता डॉक्टरला बोलवा, डॉक्टरला बोलवा. तुमच्या डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली, म्हणाला ठणठणीत आहे. आणि शेवटच्या सत्रात पुन्हा उतरवला! घरी आल्यावर मला विचारतो, “आज मॅच किती वाजता?”

आणि हेच तुम्ही शनिवारी मोठ्या पडद्यावर दाखवणार? वेन्डललाही बोलावणार म्हणतोस? कशाला येईल तो? तुमच्यासाठी नाही येणार. इथे येतो तो, दर रविवारी, तीन तास गाडी हाकत, ऑरीची दाढी करून द्यायला— पाठीमुळे. पाठ धरलीये ना त्याची, वाकता येत नाही.

दाढीला वाकावं लागत नाही हे मलाही कळतं. असा बघू नकोस माझ्याकडे.

बरं. ऐक मग. पण बाहेर बोललास तर बघ. पाठबीठ काही नाही. पाठीचं मी सांगते सगळ्यांना, चर्चमध्ये, दुकानात, म्हणजे कुणी भेटायला येत नाही. वस्तरा हातात घेऊन तो आरशासमोर उभा राहतो आणि पुढे काय करायचं ते आठवत नाही त्याला. मी जवळ गेले की हात झटकतो. माझं नाव— जाऊ दे. मुलगी आली की पाहुणी समजून तिला कोट देतो. एकट्या वेन्डलला ओळखतो. त्याच्यासमोर मान वर करतो, गळा उघडा टाकतो, डोळे मिटतो. ज्याने नाक तीनदा मोडलं त्याच्यासमोर! आणि तो येडा एका डोळ्याने रडत रडत दाढी करतो.

एक विचारते. वरच्या लीगने एका हिवाळ्यात बोलावलं होतं त्याला, आठवड्याभरासाठी. तिथे एक गोल केला होता त्याने. स्वतःचा, गोलकीपरला चकवून खाली बसवून, अलगद. त्याची फिल्म आहे तुमच्याकडे? शोध. ती दाखवा, मी स्वतः त्याला सूट घालून आणते. नाहीये ना? ठोसे सगळे जपून ठेवलेत, आणि गोल— हं. वाटलंच मला. किळस येते रे तुमची. खरंच, किळस येते—

—अरे ऑरी, उठलास? काही नाही, डेनिस आलाय, क्लबमधून. नाही रे, मॅकाइव्हर नाही हा. डेनिस. ऑरी, स्वेटर नको काढू, गार आहे. ऑरी! थांब, दम खा, सिंककडे चल हवं तर— ऐकलंस ना, डेनिस? “आज कुणाला मारायचंय” विचारतोय. तुला विचारतोय. दे ना उत्तर, क्लबचा माणूस ना तू?

कुणालाच नाही, राजा. आज कुणालाच नाही मारायचं. मूठ सोड. अशी. दुसरीपण.

डेनिस, बूट बाहेर जाऊन घाल.